खंडेनवमीचं तेल

सेक्टर २२, चंडीगड
१० जानेवारी १९८९

प्रिय जयंत,

अक्षर ओळखलंस का? ओळखलं नसशील तर सही बघायला शेवटच्या पानाकडे धावू नकोस. पुस्तकाचा शेवट आधी वाचून मग निवांत बसायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या पत्राचं तसं केलंस तर तुला काही कळणार नाही आणि वर गैरसमज होईल, तेव्हा एवढ्यापुरती शिस्त पाळ. पाकीट हाताने चाचपून पाहिलं असशील तर तेही सांगून टाकते, आत तिळगूळ नाही. संक्रांत तोंडावर आली आहे हे मला माहीत आहे, पण इथे जाड पाकीट दिसलं की पोस्टात उघडून बघतात. गेल्या वर्षी दादाला पाठवलेला तिळगूळ कोल्हापूरला पोहोचला तो भुगा होऊन, आणि वहिनीने तो म्हणे आमटीत घातला. म्हणून यंदा नुसता कागद पाठवते आहे.

मी अजून चंडीगडातच, त्याच सरकारी प्रयोगशाळेत. बढती झाली, खुर्चीला हात आले, चष्म्याचा नंबर वाढला. सेक्टर बावीसमध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. खाली घरमालकीण राहते; तिला सगळे बीजी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. हे गाव फार सरळ आहे. आपल्याकडे पत्ता सांगताना देऊळ लागतं, तालीम लागते, कोणाच्या तरी काकांचं दुकान लागतं. इथे आकडा सांगितला की संपलं. आल्यावर पहिली काही वर्षं मला त्याचं भारी कौतुक होतं. आता या सरळ रस्त्यांवर चौकाचौकात वाळूची पोती रचलेली असतात आणि पोत्यांमागे सीआरपीचा जवान उभा असतो, कधी केरळचा, कधी बिहारचा, माझ्यासारखाच इथला नसलेला. बसमध्ये चढलं की आधी सीटखाली वाकून बघायचं, बेवारस डबा किंवा ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावायचा नाही, हे इथे लहान पोरांनाही पाठ आहे. अंधार पडायच्या आत सतरा सेक्टरातली दुकानं शटर ओढतात. बीजीचा भाऊ बटाल्याकडचं घर बंद करून बायकामुलांसह खाली राहायला आलाय. तो दिवसभर अंगणात खाट टाकून बसतो आणि कोणाशी बोलत नाही. काय घडलं म्हणून आला, हे मी विचारलेलं नाही. इथे तसं विचारत नाहीत.

मराठी माणसं इथे नाहीत असं नाही. पण ती फौजेतली नाहीतर हवाई दलातली, आणि त्यांची बदली आल्या दिवसापासून ठरलेली. ओळख होते, एकमेकींच्या लोणच्याला नावं ठेवण्याइतकी जवळीक होते, आणि दारात ट्रक उभा राहतो. शेवटची होती सुमेधा, विंग कमांडरची बायको, मूळची साताऱ्याची. दर रविवारी ती पोहे करायची आणि आम्ही दोघी मिळून साऱ्या जगाची उणीदुणी काढायचो. तिची मुलं आमचं सगळं बोलणं समजायची आणि हसून हिंदीत उत्तर द्यायची. मे महिन्यात त्यांची जोरहाटला बदली झाली. जाताना तिने तुळशीची कुंडी मला दिली, ती इथल्या थंडीत जळून गेली; तिला मी ते कळवलेलं नाही. यंदा गणपतीतही इथल्या महाराष्ट्र मंडळाने एका दिवसात आटोपतं घेतलं, कारण संध्याकाळी घराबाहेर राहायला कोणी तयार नव्हतं. सुमेधा गेल्यापासून माझे रविवार फार लांब झालेत.

पण मी सांगायला बसले आहे ते वेगळंच. माझं हल्लीचं काम तुला माहीत नसणार. मी इथे आले तेव्हा आम्ही शाळा-कॉलेजांचे सूक्ष्मदर्शक तपासायचो. आता या दिवसांत रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी तपासतो. मधे बारीक फुली असलेली नळी. फुली जिथे, गोळी तिथे. पोलिसांना आणि निमलष्करी दलांना त्या हव्या आहेत, खूप हव्या आहेत, आणि परदेशी दुर्बीण इतकी महाग की एकीच्या किमतीत आपल्याकडच्या तीन येतील. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे प्रश्न आला की देशी बनावटीची स्वस्त दुर्बीण महागाइतकी टिकते का? टिकली तर ती मोठी मागणी देशातल्या कारखान्याला जाणार होती. दोन्ही प्रकारचे नमुने आले. बनवणाऱ्याचं नाव खरवडून काढलेलं आणि वर नुसता आमचा क्रमांक, कारण माल कोणाचा ते तपासणाऱ्याला कळता कामा नये. ओळख पटलीच तर वरिष्ठांना सांगायचं आणि बाजूला व्हायचं. वरिष्ठ म्हणजे नरेश, अंबाल्याचा, माझ्याहून वयाने लहान, मला मॅडम म्हणणारा सज्जन माणूस.

पेटीतून पहिली स्वस्त दुर्बीण काढली आणि उजेडात धरली. रंग जरा ओबडधोबड होता. पण स्क्रू बघितले आणि मी खुर्चीत बसले. प्रत्येक स्क्रूची खाच नळीच्या लांबीला धरून, एकही तिरपी नाही. दुसरी काढली, तीही तशीच. एम.एस्सी.ला असताना प्रयोगशाळेमागच्या वर्कशॉपमध्ये तू एकेका स्क्रूचं डोकं कानशीने घासून ते अशा ओळीत आणायचास, आणि आमचं सगळ्यांचं काम संपून चहा व्हायचा तरी तुझं संपायचं नाही. सरांनी विचारलं होतं, की काय रे, स्क्रूंची कवायत घ्यायची आहे का? तू शांतपणे म्हणालास, की एखादा सैल झाला तर लांबूनही दिसेल, सर. वर्ग हसला. मी सगळ्यांत जास्त हसले आणि तुला पुढे वर्षभर कवायत मास्तर म्हणत राहिले. घरी गेल्यावर मात्र मी वडिलांच्या शिवणयंत्राचे सगळे स्क्रू तसे करून बघितले होते. एकही जमला नाही.

मी नरेशला काही सांगितलं नाही. मनाची समजूत घातली की स्क्रूवरून कोणी माणूस ओळखतं का, कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे पुष्कळ कारागीर असतील. मग गौरी-गणपतीच्या सुमारास दादाचं पत्र आलं. कृष्णकांतदादाची पत्रं कशी असतात, तू कल्पना करू शकशील. चार ओळी स्वतःबद्दल आणि चार पानं गावाबद्दल. त्यात होतं की ऑइल इंजिनाचे सुटे भाग बनवायचं काम तू थांबवलंस, भिंगं घासायची यंत्रं बसवलीस, बंदुकीला लागणारं काहीतरी करतोस, आणि ही सरकारी मागणी मिळाली नाही तर कारखान्याला कुलूप लागेल असं तुझी रागिणी हळदीकुंकवाला आमच्या वहिनीजवळ बोलली. तुझी धाकटी कॉलेजात जायला लागली हेही होतं, आणि ती तुझ्यासारखीच हट्टी आहे हेही. ते वाचल्यावर शंका उरली नाही. तुझा कारखाना माझ्या टेबलावर होता आणि तुला त्याचा पत्ता नव्हता. मला हे फार सुखाचं वाटलं. तसं वाटायला नको होतं, पण वाटलं.

मग मी तुझ्या दुर्बिणींना छळायला घेतलं. ओळखीच्या म्हणून सूट दिली असं कोणी म्हणू नये, यासाठी जरा जास्तच. गोळी सुटल्यावर रायफल जसा मागे धक्का देते तसा धक्का देणारं यंत्र आहे आमच्याकडे. त्यावर बांधून हजारो धक्के दिले. छातीच्या उंचीवरून लाकडी फळीवर पाडल्या. पाण्यात बुडवल्या, धुळीच्या पेटीत फिरवल्या, भटिंड्याच्या जूनमधल्या उन्हाइतक्या तापवल्या. खेड्यातल्या रस्त्यावरून जीप जाते तेव्हा बसतात तसे हादरे दिले. दर वेळी फुली जागेवर आहे का ते बघायचं, आणि दर वेळी ती जागेवर असायची. महागातल्या एका परदेशी बाईसाहेबांची फुली तर चौथ्याच दिवशी कलली. तुझ्या भिंगांच्या कडेला चित्र थोडं पिवळं पडतं, आणि तिन्हीसांजेला परदेशी दुर्बीण आणखी थोडा वेळ दाखवत राहते, तेव्हा तुझी थकलेली असते. ते मी लिहिलं. पण टिकण्यात तू कुठेही मागे नव्हतास. मी रोज चेहरा कोरा ठेवून आकडे लिहायचे आणि डबा खाताना एकटीच हसायचे. समोरच्या टेबलावरचे वर्माजी विचारायचे, की घरून काही खुशखबर आली का?

आता खंडेनवमीचं ऐक. इथले लोक अवजारांची पूजा दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी करतात, विश्वकर्मा डे म्हणून. त्या दिवशी आमच्या वर्कशॉपमध्ये लेथला झेंडूची माळ पडते आणि काम बंद असतं. खंडेनवमी त्यांना ठाऊक नाही. ती माझी एकटीची, पण मी ती कधी चुकवलेली नाही. आमच्या घरी त्या दिवशी विळी, कात्री, वडिलांचं शिवणयंत्र, सगळं पाटावर यायचं, आणि आई कुंकू तेलात कालवायची, कारण पाण्यातलं कुंकू लोखंडावर ठरत नाही, वाळलं की गळून पडतं. मीही तसंच करते. दर वर्षी मायक्रोमीटर, स्पिरिट लेव्हल, माझे छोटे पाने असं सगळं टेबलावर मांडते, बोटाने टिळा लावते आणि बर्फी वाटते. बर्फीसाठी सगळा विभाग येतो, पूजेसाठी कोणी नाही. यंदा मी दुर्बिणीही मांडल्या. तुझ्या मांडायच्या म्हणून, आणि पक्षपात नको म्हणून परदेशीही. दुर्बिणीचं कपाळ कुठे असतं ते काही ठरेना, तेव्हा वरच्या अंगाला फुली वरखाली करायची जी टोपी असते, तिच्या बुडाशी बोट टेकवलं. तेल अर्थात मोहरीचं. इथे स्वयंपाकघरात दुसरं काय असतं? तुझ्या दुर्बिणींना बोट जरा भरून लागलं. मग दसरा, मग बंद, मग पुन्हा बंद, मग दिवाळी. त्या तशाच कपाटात राहिल्या.

दिवाळीनंतर थंडीची परीक्षा उरली होती. तुला कोल्हापुरात कल्पना यायची नाही, पण पौषात इथे पहाटे असं धुकं पडतं की स्वतःचा पुढे केलेला हात दिसत नाही. त्यासाठी दमट हवेत ठेवून एकदम गार करायची पेटी आहे. पेटी उघडली तेव्हा परदेशी दुर्बिणी स्वच्छ होत्या आणि तुझ्या आतून पांढऱ्या झाल्या होत्या. काच बाहेरून धुरकटली तर पुसता येते. आतून धुरकटली तर दुर्बीण आंधळी झाली. टोपी उघडली तर आतली रबराची रिंग फुगून खाचेबाहेर आलेली आणि तिच्या कडेला लाल रेघ. माझं कुंकू. परदेशी दुर्बिणीच्या रिंगलाही ते लागलं होतं, पण तिला ढिम्म काही झालं नव्हतं. तिचं रबर वेगळ्या जातीचं. तुझ्या साध्या रबराने तेल पिऊन घेतलं, रिंग फुगली, आत कोंडलेली कोरडी हवा निघून गेली आणि दमट हवा शिरली. मी त्या फुगलेल्या रिंगकडे बघत बसले आणि मला रडू आलं. भर कचेरीत, जयंत, या वयात. वर्माजींना सांगितलं की डोळ्यात काहीतरी गेलंय.

नरेशला मी खरं ते सांगितलं, निदान तेलाचं. तो आधी हसला. मग म्हणाला, “मॅडम, पूजा का तेल टेस्ट में कहाँ लिखा है? नये पीस निकालिए, दोबारा कीजिए.” नियमाने त्याचं बरोबर होतं. दुर्बिणीला तेल लावू नये हे नावाचा भाग कापून आलेल्या तुझ्या माहितीपत्रकातही छापलेलं आहे आणि परदेशीच्याही. मी पेटीतले नवे नमुने काढले, कोरडे, तेलाचं बोट न लागलेले. ते पास झाले. अगदी निर्मळ, आरपार. म्हणजे सगळ्या परीक्षा पार पडल्या होत्या आणि फक्त अहवाल लिहायचा उरला होता. त्या संध्याकाळी मी बावीसच्या बाजारातून जिलेबी घेतली, दुकानं बंद व्हायच्या आत धावतपळत, आणि खाली बीजीकडे दिली. तिने विचारलं, “की गल्ल ए, पुत्तर?”, काय विशेष म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडचं कोणीतरी पास झालंय. बीजीच्या भावानेही एक तुकडा घेतला. घरात आल्यापासून त्याला काही मागून घेताना मी प्रथमच पाहिलं.

आनंदात माणसाला भलतंच आठवतं. मला कोल्हापूरचं स्टेशन आठवलं. नोकरीवर रुजू व्हायला मी निघाले होते, तू सायकल स्टँडला लावून आलास, आणि गाडी सुटेपर्यंत माझ्या ट्रंकेचं कुलूप तपासत बसलास. कुलूप कच्चं आहे, दिल्लीला बदलून घे, एवढंच बोललास. मी म्हटलं, घेईन. तू थांब म्हणाला असतास तर मी थांबले असते. हे तुला तेव्हा ठाऊक होतं की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. मी चल म्हणायला हवं होतं असंही कधी कधी वाटतं, पण तुला उद्यमनगरातून उपटून इथे आणून मी काय केलं असतं? राहू दे. कुलूप मी दिल्लीला बदललं होतं, एवढं मात्र सांगते.

अहवाल टाइपाला जायच्या आधी एक शेवटचं काम होतं. दुर्बीण खऱ्या रायफलीवर नीट बसते का, ते शस्त्रागारात जाऊन बघायचं. डिसेंबरातली सकाळ होती. शस्त्रागाराचा हवालदार बलकार सिंग, पांढरी दाढी, अंगावर घरी विणलेला स्वेटर. त्याने मला स्टूल दिलं, पितळी पेल्यात चहा दिला, आणि मग त्याच्या रायफली दाखवल्या, आपल्याकडच्या बायका फराळाचे डबे दाखवतात तितक्या हौसेने. एका रायफलीवर आधीपासून परदेशी दुर्बीण होती. तिचा जवान लग्नासाठी रजेवर गेला होता. परत येईल तेव्हा त्याला लख्ख मिळाली पाहिजे, म्हणून बलकार सिंग ती स्वतः पुसत होता. मोहरीच्या तेलाचा डबा शेजारी होता. ठरलेलं तेल वेळेवर येत नाही, म्हणून मेसमधलं. फडकं रायफलीच्या नळीवरून फिरलं, दुर्बिणीवरून फिरलं, आणि मग त्याने त्या टोपीच्या बुडाशी, जिथे मी बोट टेकवलं होतं बरोबर तिथे, तेलाचे दोन थेंब सोडले आणि टोपी मायेने फिरवली. मी म्हटलं, हवालदारजी, इसको तेल नहीं लगाते. तो माझ्या अज्ञानावर हसला. “बीबीजी, लोहा है. और जो घूमता है, उसे तेल चाहिए.” मग रायफल उचलून माझ्या हातात दिली, बघा किती हलकी फिरते म्हणून. मी विचारलं, ही जाते कुठे? त्याने सरहद्दीकडच्या एका गावाचं नाव घेतलं. तिथे घराच्या छपरावर पहाटे पहारा असतो म्हणाला, धुक्यात.

मी जीपने परत निघाले. माहितीपत्रक काय म्हणतं ते मला माहीत होतं, आणि ते बलकार सिंगला कोणी वाचून दाखवणार नाही हेही. त्याचं काही चुकत नव्हतं. लोखंडाला तेल द्यायचं, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं असेल आणि मला माझ्या आईने शिकवलं. तो आणि मी, दोघांनीही मायेपोटीच तुझ्या दुर्बिणीला आंधळं केलं असतं. फरक एवढाच की माझी पेटीत आंधळी झाली, आणि त्याची त्या छपरावर झाली असती, नुकतं लग्न झालेल्या पोराच्या डोळ्यासमोर. समोरचा काय तिची काच साफ होईपर्यंत थांबणार आहे? तुझा कारखाना एका बाजूला आणि तो पोरगा दुसऱ्या बाजूला, असं मी तीन-चार दिवस वजन करून पाहिलं. त्यात वजन करण्यासारखं काही नव्हतं हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बाकीचे दिवस मी नुसती तुझ्यासाठी भांडत होते, स्वतःशीच.

मग मी तेलाची परीक्षा यादीत घालायला लावली. नरेश चिडला. म्हणाला, उद्या कोणी लस्सीत बुडवेल, ती पण परीक्षा घ्यायची का? मी म्हटलं, घ्यायची, जर शस्त्रागारात रोज लस्सी ओतत असतील तर. त्याने स्वतः जाऊन बलकार सिंगचा डबा बघितला आणि परत आल्यावर वाद घातला नाही. परदेशी दुर्बिणी तेलाला टिकल्या. तुझ्या नाही टिकल्या. तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर असं: स्वस्त दुर्बीण धक्क्याला, पाण्याला, धुळीला, उन्हाला महागाइतकीच टिकते, आणि हे मी कोणापुढेही छातीठोकपणे सांगेन. महागाचे जास्तीचे पैसे बळकटीचे नाहीत. ती वापरणारा माणूस कसा असेल, तो काय काय करून बसेल, याचा आधी कोणीतरी बसून विचार केलाय, त्याचे आहेत. तू दुर्बिणीचा विचार केलास, बलकार सिंगचा केला नाहीस. तुला राग येईल. येऊ दे. स्क्रूसाठी तू जितका जीव काढतोस त्याच्या पावपट त्या रिंगसाठी काढलास तरी पुरे आहे.

अहवालावर सही करायच्या आधी मी नरेशला सांगितलं की हा माल कोणाचा आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग त्याने सगळ्या परीक्षा वर्माजींकडून नव्याने करवून घेतल्या, निकाल तेच आले, आणि मला या कामातून काढलं. त्याने बरोबर केलं, मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं. कचेरीचं पत्र तुला या पत्राच्या आधी मिळालं असेल. मी मुद्दाम ते पोस्टात पडेपर्यंत थांबले. त्यात नापसंतीचं कारण आहे, रिंगचं लिहिलं आहे, आणि सुधारलेले नमुने मार्चमध्ये पाठवायला परवानगी आहे. तेव्हा ते वाचून कारखान्याला कुलूप लावू नकोस; रबर बदल आणि पाठव. पास झालास तर वीणाने केलं असं तुला कोणी म्हणणार नाही, तूही म्हणू शकणार नाहीस. म्हणजे कामाचं असं सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलेलं नाही, आणि तरी इतकी पानं लिहून झाली. का, ते आता सांगते. पावसाळ्यापासून मी तुझ्या दुर्बिणींशी बोलत होते. मराठीत, पुटपुटत, वर्माजींना ऐकू जाणार नाही इतपत. सकाळी पेटी उघडली की विचारायचे, झोप लागली का? धक्क्याच्या यंत्रावरून काढताना विचारायचे, लागलं का रे फार? बीजीने काय रांधलं, कोणती बस चुकली, कालच्या पेपरात किती माणसं गेली, सगळं सांगायचे. आता ती खोकी वर्माजींच्या टेबलावर गेली आणि माझ्याकडे पाण्याची मीटरं आलीत तपासायला. परवा जेवताना ध्यानात आलं की दिवसभरात मी एकही मराठी शब्द उच्चारलेला नाही, आदल्या दिवशीही नाही, त्याच्या आदल्या दिवशीही नाही, आणि मला त्याची भीती वाटली. म्हणून लिहायला बसले. नरेशला शब्द दिलाय, तेव्हा मार्चच्या नमुन्यांचा निकाल लागेपर्यंत मला उत्तर पाठवू नकोस. त्यानंतर पाठव. पास झालास तरी पाठव, नापास झालास तरी पाठव.

वरचं सगळं दोनदा तपासून लिहिलं आहे, खालचं एवढं न तपासता,

तुझीच
वीणा